पेन्सिलीच्या जोडीला कात्री

वस्तुचित्राच्या तासाला टेबलावर पितळी तांब्या ठेवून सातवीच्या वर्गाला तो काढायला सांगितला, की बहुतेक वह्यांत एकच चूक सापडते. तांब्याचे तोंड जवळजवळ पूर्ण गोल काढलेले असते आणि बूड पट्टीने आखल्यासारखे सरळ. बाकावर बसलेल्या मुलाला प्रत्यक्षात यातले काहीच दिसत नसते. त्याला तोंड दिसते ते चपटा लंबगोल होऊन, आणि बूड दिसते ते खाली फुगलेली कमान होऊन. शिवाय बुडाची कमान तोंडाच्या लंबगोलापेक्षा जास्त फुगीर असते, कारण आडवे वर्तुळ डोळ्यांच्या पातळीपासून जितके खाली जाईल तितके ते अधिक उघडे दिसते. तरीही मूल तोंड गोल काढते, कारण ते गोल आहे हे त्याला ठाऊक आहे. आणि बूड सरळ काढते, कारण तांब्या टेबलावर न डगमगता उभा आहे हेही त्याला ठाऊक आहे. ज्याला कोणी ‘लंबगोल काढ’ असे सांगून ठेवलेले असते, तो दोन कमानी एकमेकींना भिडवतो आणि दोन्ही बाजूंना अणकुचीदार कोपरे ठेवून मोकळा होतो. खऱ्या तांब्याच्या काठाला असा कोपरा कुठेही नसतो. हे चित्र पुरे झाले की मूल त्याच्याकडे बघते, तांब्याकडे बघते, आणि खोडरबर उचलते. काहीतरी चुकले आहे हे त्याला कळलेले असते. काय चुकले ते मात्र कळत नाही.

माहीत आहे तसे काढणे आणि दिसते तसे काढणे यांतला हा फरक जॉर्ज-आंरी ल्युके या फ्रेंच अभ्यासकाने मुलांच्या चित्रांवरील आपल्या १९२७ सालच्या पुस्तकात मांडला. लहान मूल वस्तूबद्दल जे माहीत आहे ते काढते, पुढे ते जे दिसते ते काढू पाहते, असा त्याचा आशय. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ मध्ये मुलांच्या चित्रविकासाचे टप्पे सांगितले. त्यांत नऊ ते बारा या वयात वास्तवाचे भान उगवते आणि बारा ते चौदाच्या दरम्यान मूल स्वतःच्या चित्राचे कठोर परीक्षक बनते. आपल्या शाळेच्या हिशेबात हे वय म्हणजे सहावी ते आठवी. डोळा पुढे गेलेला असतो आणि हात मागे राहिलेला असतो. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःचा गोलमटोल तांब्या झकास वाटतो, बारा वर्षांच्या मुलाला तोच लाजिरवाणा वाटतो. इथे मुलांसमोर दोन वाटा असतात. एक म्हणजे चित्र सोडून देणे. बहुतेक मुले याच वाटेने जातात, आणि ‘मला चित्रकला येत नाही’ हे वाक्य जन्मभर पुरते. दुसरी म्हणजे हमखास जमणाऱ्या ठरीव चित्राच्या आडोशाला जाणे. दोन डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, खाली वळत येणारी नदी, काठाला झोपडी, वर बरोबरच्या खुणेसारखे पक्षी. ही ‘सीनरी’ सोलापूरच्या माळावरचे मूल काढते आणि मुंबईच्या चाळीतलेही. तिचा उगम निसर्गात नसून शेजारच्या बाकावर असतो. ब्रेंट आणि मार्जरी विल्सन या अमेरिकन अभ्यासक दांपत्याने १९७७ मध्ये हेच निरीक्षण नोंदवले होते, की मुले चित्र काढायला शिकतात ती मुख्यतः दुसरी चित्रे पाहून.

माझे म्हणणे असे, की बाराव्या वर्षी चित्र सुटते यात मुलांचा दोष फार थोडा आहे. नेमक्या गरजेच्या वेळी शाळा त्यांना बघायला शिकवत नाही, आणि हात मागे असताना डोळ्याला काम देणारे दुसरे साधनही देत नाही. ते साधन म्हणजे कोलाज. आपल्याकडे कोलाजला ‘चिकटकाम’ म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी किंवा प्रदर्शन तोंडावर आल्यावर आठवतात. रेखाटनाच्या शिक्षणात त्याची जागा पेन्सिलीच्या बरोबरीची असायला हवी, आणि ती का, हे पुढे सविस्तर पाहू.

आधी थोडे मागे जाऊ. आपल्या चित्रकलेच्या तासाला दोन जुन्या परंपरांचा वारसा आहे. एक लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे चित्रकलेचा अभ्यासक्रम तेवीस टप्प्यांत बांधला गेला. सुरुवात सरळ रेषांपासून आणि छापील नमुन्यांच्या नकलेपासून. जिवंत वस्तूपर्यंत पोचायला बराच काळ लागे. उद्योगांना नक्षीदार माल घडवणारे कारागीर मिळावेत हा त्यामागचा हेतू होता आणि तो लपवलेलाही नव्हता. मुंबईत सर जे. जे. कलाशाळा १८५७ साली सुरू झाली आणि १८६५ मध्ये तिथे शिकवायला आलेले जॉन लॉकवुड किपलिंग याच वातावरणातून आले होते. कला संचालनालय घेत असलेल्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांत वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, कर्तव्यभूमिती आणि अक्षरलेखन हे जे विषय येतात, त्यांच्यावर त्या शिस्तीची छाप स्पष्ट आहे. दुसरी परंपरा व्हिएन्नाच्या फ्रान्झ चिझेक यांची. त्यांनी १८९७ मध्ये मुलांसाठी कलावर्ग सुरू केला आणि मुलांना मोठ्यांची चित्रे न गिरवता स्वतःचे काढू द्यावे असा आग्रह धरला. ‘मुलांना मुक्त सोडा’ हे आज शिक्षक-प्रशिक्षणात वारंवार कानी पडणारे वाक्य त्यांच्यापासून निघालेल्या ओघातले आहे. गंमत अशी, की चिझेक मुलांना नुसते मोकळे सोडत नसत. त्यांच्या वर्गात ठसेकाम चाले, कागद कापणे-चिकटवणे चाले, आणि या कागदकामावर त्यांनी पुस्तकही लिहिले. आपण मात्र दोन्हीकडचा सोपा भाग तेवढा घेतला: पहिल्याकडून फळ्यावरची नक्कल आणि दुसऱ्याकडून ‘आज काहीही काढा’. पहिल्यात मूल बघत नाही, कारण बाईंनी आधीच बघून ठेवलेले असते. दुसऱ्यात बघायला समोर काही नसतेच.

मग बघायला शिकवता येते का? येते, आणि त्याला आधार आहे. डेल कोहेन आणि सुझन बेनेट यांनी १९९७ मध्ये ‘बहुतेकांना दिसते ते काढता का येत नाही’ असा थेट प्रश्न घेऊन प्रयोग केले. हाताचे कसब कमी पडते, कुठली रेघ महत्त्वाची हे ठरवता येत नाही, स्वतःचे चित्र नीट दिसत नाही, की मुळात वस्तूच चुकीची दिसते, अशी चार कारणे त्यांनी वेगवेगळी तपासली. सर्वाधिक वाटा त्यांना शेवटच्या कारणाचा आढळला आणि हाताच्या कसबाचा अगदी थोडा. कोणत्या कारणाचा वाटा किती, यावर नंतरच्या संशोधकांत मतभेद आहेत. पण ज्या मुलीला वळणदार अक्षर काढता येते, सुईत दोरा ओवता येतो, रांगोळीचे ठिपके समांतर टाकता येतात, तिच्या बोटांना लंबगोलाचे वळण अशक्य आहे असे म्हणणे अनुभवालाही धरून नाही. अडते ते नजरेशी, आणि नजरेसाठीचे सराव ठरलेले आहेत. हात ताठ धरून, एक डोळा मिटून, पेन्सिलीवर अंगठ्याने माप घ्यायचे आणि तांब्याची उंची रुंदीच्या किती पट आहे हे आधी मोजायचे. किमोन निकोलाइडीस या अमेरिकन शिक्षकाचे १९४१ साली निघालेले पुस्तक बाह्यरेषेच्या एका सरावासाठी प्रसिद्ध आहे: नजर वस्तूच्या कडेवरून मुंगीच्या चालीने सरकवायची, पेन्सिल त्याच चालीने कागदावर, आणि कागदाकडे बघायचे नाही. चित्र वेडेवाकडे येते, वर्गात हशा पिकतो, पण कडेवरचा पोचा आणि गळ्याजवळचा लहानसा फुगवटा पहिल्यांदाच कागदावर उतरतो. कप काढताना कप सोडून त्याच्या कानातून दिसणारा मोकळा तुकडा तेवढा काढायचा, हा आणखी एक. त्या तुकड्याला नाव नसते, म्हणून ‘माहीत असलेला’ आकार मध्ये घुसत नाही. बेटी एडवर्ड्स यांनी १९७९ च्या पुस्तकात पिकासोने काढलेले स्ट्राविन्स्कीचे रेखाचित्र उलटे ठेवून उतरवायला लावले, तेही याच कारणाने. त्यांनी त्याला जोडलेली मेंदूच्या उजव्या-डाव्या भागांची उपपत्ती इतक्या सरळसोट रूपात आज कोणी मानत नाही. उपपत्ती बाजूला ठेवली तरी सराव उपयोगी पडतोच.

इथपर्यंत सगळे पेन्सिलीचेच चालले आहे, आणि अडचणही इथेच सुरू होते. वस्तुचित्र काढणाऱ्या मुलाला एकाच वेळी चार निर्णय घ्यावे लागतात. वस्तू कागदावर कुठे आणि किती मोठी बसवायची, तिचा आकार कसा, कुठला भाग उजळ आणि कुठला गडद, आणि मागच्या-पुढच्या वस्तूंचे एकमेकींशी नाते काय. पेन्सिल हे चारही निर्णय एका बारीक टोकातून घ्यायला लावते. अनुभवी चित्रकाराला ते जमते. बारा वर्षांचे मूल त्यातला एक पकडते, बहुधा बाह्यरेषेचा, आणि उरलेले तीन वाऱ्यावर सोडते. म्हणून परीक्षेच्या कागदावर तांब्या वरच्या डाव्या कोपऱ्यात लिंबाएवढा बसलेला सापडतो आणि खाली वीतभर कागद कोरा असतो. म्हणून छायाप्रकाश म्हणजे उजव्या कडेला बोटाने फासलेले काजळ. एकदा काढलेली रेघ सरकवता येत नाही. खोडावी लागते, आणि तीन वेळा खोडल्यावर कार्ट्रिज कागदाचा पृष्ठभाग उठतो. चुकीची किंमत जिथे इतकी चढी, तिथे मूल प्रयोग करत नाही. कागदाच्या कापलेल्या तुकड्याचे तसे नसते. तो इकडचा तिकडे सरकवता येतो, फिरवता येतो, दुसऱ्याखाली दडवता येतो, आणि खळ लावेपर्यंत काहीच पक्के नसते. रचनेचा निर्णय आणि हाताच्या सफाईचा निर्णय कोलाजमध्ये वेगळे होतात. मागे पडलेला हात इथे डोळ्याची वाट अडवत नाही.

कोलाजचा इतिहासही हेच सांगतो. १९१२ च्या वसंतात पिकासोने वेताच्या विणीची छपाई असलेले मेणकापड एका स्थिरचित्रात चिकटवले आणि कडेला दोरखंडाची चौकट दिली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ब्राकने लाकडाच्या रेषांची नक्कल छापलेला भिंतीचा कागद कापून फळांच्या भांड्याच्या चित्रात बसवला आणि त्यावर कोळशाने रेखाटले. म्हणजे जन्मापासूनच चिकटवलेला कागद आणि हाताची रेघ एकत्र नांदत आहेत. त्यांची फारकत शाळेच्या वेळापत्रकाने केली. मातीसचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे: १९४१ च्या शस्त्रक्रियेनंतर त्याने कात्री जवळ केली आणि रंगवलेल्या कागदांतून थेट आकार कापत गेला. मला याहून महत्त्वाचे वाटते ते शांतिनिकेतनच्या बिनोदबिहारी मुखर्जींचे. त्यांची दृष्टी मुळातच अधू होती आणि १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात, डोळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर, ती पूर्ण गेली. त्यानंतर त्यांनी रंगीत कागद कापून माणसांच्या आकृती रचल्या. सत्यजित राय यांनी आपल्या या शिक्षकावर १९७२ मध्ये ‘द इनर आय’ हा माहितीपट केला. कात्रीने आकाराच्या आत शिरता येते, त्याला बोटांनी चाचपता येते, हे या कामांवरून जितके पटते तितके कुठल्या सिद्धान्ताने पटणार नाही. मातीस आणि बिनोदबिहारी दोघेही त्याआधी आयुष्यभर रेखाटत आले होते, हे मात्र विसरता कामा नये. कात्री पेन्सिलीऐवजी आली नव्हती.

आता तोच तांब्या पुन्हा टेबलावर ठेवू, आणि या खेपेला वह्या बंद. प्रत्येक मुलाजवळ जुन्या वर्तमानपत्राची दोन पाने, एक करडा किंवा तपकिरी कागद आणि वाटीत गव्हाच्या पिठाची खळ. पहिले काम म्हणजे वर्तमानपत्र वाचायचे नाही, बघायचे. डोळे किलकिले केले की पान तीन-चार छटांत फुटते. समास पांढरा. बातम्यांचा बारीक मजकूर मध्यम करडा. मथळा जाड टायपाचा, म्हणून अधिक काळा. छायाचित्रांतल्या सावल्या आणि जाहिरातींच्या पट्ट्या सर्वांत गडद. देवनागरी मजकुराला आणखी एक गुण आहे: शिरोरेषेमुळे प्रत्येक ओळीला आडवा पट्टा मिळतो, म्हणून तुकडा तिरका लावला तर तो पट्टा तिरका धावतो आणि गोल पोटावरून वळत गेलेल्या पृष्ठाचा भास होतो. इंग्रजी वर्तमानपत्राच्या मजकुरातून हा पट्टा इतका ठळक मिळत नाही. दुसरे काम, डोळे किलकिले ठेवूनच तांब्याकडे बघायचे आणि त्याच्यातले फक्त तीन भाग शोधायचे: उजळ, मध्यम, गडद. तिसरे, त्या भागांचे तुकडे कात्रीशिवाय, हाताने फाडायचे. वर्तमानपत्राचा कागद तंतूंच्या दिशेने सरळ फाटतो आणि आडवा फाडला तर दातरा फाटतो. मुलांना हे पाच मिनिटांत बोटांना कळते आणि मग कुठल्या कडेला सरळ फाड हवी आणि कुठे दातरी चालेल हे ती ठरवू लागतात. गुळगुळीत मासिकाचा कागद फाडला तर कडेला पांढरी किनार उरते. ती कुठल्या तुकड्याकडे ठेवायची हे फाडण्याच्या दिशेवर असते, आणि ती जागच्या जागी पडली तर तांब्याच्या काठावरची चमक आयती मिळते. चौथे, सगळे तुकडे कोरडे मांडायचे. मांडायचे, सरकवायचे, शेजाऱ्याला दाखवायचे, चार पावले मागे जाऊन बघायचे. चिकटवणे अगदी शेवटी, तुकड्याच्या पाठीला मधून कडेकडे खळ लावून, खाली रद्दी ठेवून. घट्ट फेव्हिकॉल थापला तर पातळ कागद सुरकुततो. वापरायचाच तर थोडे पाणी घालून पातळ थर द्यावा. या सगळ्यात तांब्याचे तोंड गोल काढण्याचा मोह कुठे गेला? तोंड आता रेघ उरलेले नसते. ते एक गडद तुकडा झालेले असते, आतल्या अंधाराचा, आणि तो अंधार चपटा आहे हे समोर दिसत असते. दुसऱ्या दिवशी त्याच तांब्याचे पेन्सिल-रेखाटन करायला दिले की ज्याने आदल्या दिवशी तो चपटा अंधार हाताने फाडला, त्याच्याजवळ रेघ कुठून न्यायची याचे उत्तर आधीच असते.

इथे एक सावधगिरी सांगायलाच हवी, कारण कोलाजच्या नावाखाली शाळांतून जे चालते त्यातले बरेच याच्या नेमके उलटे असते. छापील मोराची बाह्यरेषा, तिच्यात घोटीव कागदाचे चौकोनी तुकडे भरायचे. पिसाऱ्यात हिरवे, गळ्यात निळे. किंवा ढगाला कापूस, झाडाला मुगाची डाळ, झोपडीला आगपेटीच्या काड्या. यात मुलाने एकही निर्णय घेतलेला नसतो. आकार दुसऱ्याचा, रंग ठरलेला, आणि उरते ते हातांना गुंतवून ठेवणारे भरणकाम. मासिकातला नट, मोटार आणि गुलाब कापून एका कागदावर चिकटवणे हाही कोलाजचा सोपा चकवा आहे, कारण तयार प्रतिमा आपला अर्थ घेऊनच येते आणि मूल त्या अर्थामागे जाते. म्हणून निदान पहिले वर्षभर दोन बंधने असावीत: वस्तूचे चित्र म्हणून छापलेली कोणतीही वस्तू वापरायची नाही, फक्त रंग, छटा आणि पोत म्हणून कागद वापरायचा, आणि एका कामात तीन-चारच छटा. जुन्या लग्नपत्रिका, कॅलेंडरची सरलेल्या महिन्यांची पाने, पतंगाचा कागद, खाकी पाकिटे, एवढ्यावर वर्ष निघते. छापील प्रतिमा मुद्दाम वापरून विरोध किंवा विनोद साधणे ही नववीनंतरची गोष्ट. हाना ह्योख या चित्रकर्तीने पहिल्या महायुद्धानंतरच्या बर्लिनमध्ये वृत्तपत्रांतली पुढाऱ्यांची छायाचित्रे कापून जे केले ते समजायला राजकारणाची जाण लागते.

आक्षेप घेणारे आधी प्रतिभेचा मुद्दा काढतील. चित्रकला उपजत असते, शिकवून येत नाही, असे पालकही म्हणतात आणि क्वचित शिक्षकही. उत्तम चित्रकार घडायला शिकवण्यापलीकडचे काही लागते हे मान्य. पण शाळा गणित शिकवते ते गणिती घडवण्यासाठी नाही, आणि ज्याला जमत नाही त्याला ‘तुझ्यात नाही’ म्हणून सोडूनही देत नाही. याहून विचार करायला लावणारा आक्षेप उलट बाजूने येतो: तंत्र शिकवले की मुलांच्या चित्रांतला ताजेपणा मरतो. याला एका अभ्यासाचा दाखला देतात. जेसिका डेव्हिस यांनी १९९० च्या दशकात वेगवेगळ्या वयांच्या मुलांची आणि प्रौढांची चित्रे परीक्षकांकडून तपासून घेतली, तेव्हा पाच वर्षांच्या मुलांची चित्रे प्रौढ कलावंतांच्या जवळ गेली आणि मधल्या वयातली खाली घसरली. आलेख इंग्रजी ‘यू’च्या आकाराचा. पण १९९७ मध्ये डेव्हिड पॅरिझर आणि अॅक्सेल व्हॅन डेन बर्ग यांनी मॉन्ट्रियलमध्ये हाच प्रयोग चिनी-कॅनेडियन परीक्षकांना घेऊन केला, आणि त्यांच्या गुणांकनात ती घसरण दिसली नाही. वयाबरोबर गुण चढत गेले. म्हणजे मधल्या वयाची घसरण काही अंशी आधुनिक चित्रकलेवर पोसलेल्या परीक्षकांच्या आवडीत आहे. चीनमधल्या शाळांत टप्प्याटप्प्याने, नकलेतून तंत्र शिकलेली मुले पूर्वी न काढलेली वस्तूही समोर बघून चांगली काढतात, हे हॉवर्ड गार्डनर आणि एलन विनर या दोघांनी १९८० च्या दशकात तिथे जाऊन पाहिले, आणि स्वतः मुक्त पद्धतीचे असूनही लिहिले. मी नकलेचा पुरस्कर्ता नाही. पण तंत्राने कल्पकता मरते याला पुरावा तुटपुंजा आहे; तंत्र न मिळाल्याने बाराव्या वर्षी चित्र मेल्याची उदाहरणे मात्र कुठल्याही वर्गात मोजता येतील.

गुणांचा प्रश्न निघाल्यावाचून राहत नाही. चित्रकलेने गणित-विज्ञान सुधारते, मेंदू तल्लख होतो, असे सांगून या तासाची वकिली करण्याची सध्या चाल आहे. ती सोडून द्यावी. एलन विनर आणि लोइस हेटलँड यांनी २००० साली उपलब्ध अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला, तेव्हा दृश्यकलेच्या शिक्षणामुळे इतर विषयांतले गुण वाढतात याला भक्कम आधार त्यांना मिळाला नाही. खुद्द कलाशिक्षणाच्या बाजूच्या संशोधकांनी हे जाहीर केले म्हणून कलाक्षेत्रातून त्यांच्यावर बरीच टीकाही झाली. तांब्या नीट बघता येणे हे स्वतःच शिकण्याजोगे आहे; त्याला गणिताच्या टेकूची गरज नाही. राहिली एलिमेंटरी-इंटरमिजिएटची ग्रेड परीक्षा. त्यात कोलाजची प्रश्नपत्रिका नाही, म्हणून तो वेळेचा अपव्यय, असे म्हणणारे शिक्षक भेटतात आणि त्यांची अडचण खरी आहे, कारण या परीक्षेच्या श्रेणीवर दहावीचे वाढीव गुण अवलंबून असतात. पण संकल्पचित्रात परीक्षक काय बघतात? आकारांची वाटणी, मोकळ्या जागेचा तोल, रंगांची संगती. हे कापलेल्या कागदांनी मांडून बघितलेले मूल परीक्षेत कोऱ्या कागदासमोर गांगरत नाही. वस्तुचित्रात वस्तूंची मांडणी कागदाच्या मानाने लहान-मोठी होऊ नये यासाठीही कोरड्या तुकड्यांचा सराव कामी येतो. मूल्यमापनाचे म्हणाल, तर कोलाजमध्ये गुण सफाईला कमी आणि निर्णयांना जास्त द्यावेत, आणि त्यासाठी मांडणीच्या मधल्या अवस्थेचा शिक्षकाच्या मोबाइलवर फोटो काढून ठेवावा. पहिली मांडणी आणि शेवटची यांत काय बदलले हे मुलाला दोन वाक्यांत सांगता आले, की काम झाले.

खर्चाचा आक्षेप सर्वांत लंगडा आहे. रद्दी, खळ आणि बोथट टोकाची कात्री यांहून स्वस्त साहित्य चित्रकलेत नाही. रंगपेटी कितीतरी महाग पडते. वेळेचा मात्र लंगडा नाही. पस्तीस मिनिटांच्या तासात पाच-सात मिनिटे मांडामांडीत आणि तितकीच आवराआवरीत जातात, म्हणून आठवड्यातले दोन सुटे तास जोडून पंधरवड्यातून एकदा जोडतास घेणे हाच व्यवहार्य उपाय. आणि शिक्षकाचा प्रश्न तर सर्वांत अवघड. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार सहावी ते आठवीत शंभरांहून अधिक मुले असतील तरच कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक मिळतो. त्याहून लहान शाळेत हा तास गणित किंवा सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाकडे जातो. आर्ट टीचर डिप्लोमा केलेले शिक्षक असतील तिथे रेखाटनाचे सराव सहज होतील. नसतील तिथे, माझ्या मते, सुरुवात कोलाजने करावी. गणिताच्या शिक्षकाला फळ्यावर तांब्या काढून दाखवायची भीती वाटते, पण तीन छटांचे कागद समोर ठेवून ‘गडद कुठे आहे?’ एवढे विचारायला चित्रकार असावे लागत नाही. तोही मुलांबरोबर डोळे किलकिले करून बघू लागेल. याच कायद्याने प्रत्येक सरकारी व अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती बंधनकारक केली आहे आणि तिच्यात किमान तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात. आपण त्यांपैकी असाल, तर पुढच्या बैठकीत चित्रकलेचा तास आठवड्यात कोणत्या वारी असतो ते विचारा, आणि सातवीच्या दहा-बारा वह्या मागवून घ्या. त्यांत तांब्या किती सापडतात आणि सीनरी किती, ते मोजा.